केळ्याचं झाकण, वड्याचा डबा

आमच्या नात्यागोत्यात, वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत, एक गोष्ट अजून हसत हसत सांगितली जाते. बदलापूरच्या मामींनी घरी साबण केला आणि शेजारणीच्या हाताची सालं काढली. लग्नकार्यात कुणी जेवून हात धुवायला उठलं की मागून आवाज येतो, "बघ हां, साबण मामींचा नाही ना?" मामी म्हणजे माझी बायको. तीही सगळ्यांबरोबर हसते.

शेजारणीचे हात सोलले हे खरं आहे. साबण हिने केला हेही खरं आहे. पण चूक माझी होती, आणि ती माझी आहे हे मला तीन दिवसांत कळलं होतं. पुढची तीन वर्षं मी तोंड मिटून बसलो. आता पंचाहत्तरी उलटली आहे. नातेवाइकांना एकेकाला गाठून सांगायचं तर पाय चालत नाहीत, म्हणून लिहून काढतो.

सुरुवात आमच्या इमारतीच्या चेंबरपासून झाली. आम्ही अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, चिखलोलीच्या बाजूला राहतो. चार मजली इमारत, सोळा बिऱ्हाडं. एका दिवाळीनंतर तळमजल्याच्या मोऱ्या उलट्या वाहायला लागल्या. प्लंबरने चेंबरचं झाकण उघडलं आणि आतून कोपरापर्यंत लांब, पिवळट पांढरा लगदा ओढून काढला. सोळा घरांच्या चकल्या आणि शंकरपाळ्यांचं तेल पाइपात थिजून बसलं होतं. सगळ्यांनी नाक दाबलं. आमच्या हिने दाबलं नाही, कारण कोरोनाच्या तापात गेलेला तिचा वास परत आलाच नव्हता. ती वाकून त्या लगद्याकडे बघत म्हणाली, "अहो, हा तर अर्धा साबणच झालाय."

तिला कुठून सुचलं कोण जाणे. पण साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा, एवढं तिला माझ्यामुळे माहीत होतं. मी अंबरनाथच्या एका साबणाच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली. काटा विभागात होतो. म्हणजे माल पिंपातून आला की तोलायचा, चिठ्ठी लावायची आणि पुढे पाठवायचा. साबण करणारे लोक वेगळे होते. पण घरी मी असा थाट ठेवला होता की अंबरनाथचा सगळा साबण माझ्याच हातून जातो. तसा तो जातही होता, तोलून.

पुढच्या आठवड्यापासून इमारतीतल्या बायका वापरलेलं तेल मोरीत ओतायच्या ऐवजी बाटलीत भरून आमच्याकडे द्यायला लागल्या. तेवढं तिला पुरेना. उल्हासनगरच्या कॅम्पात माझ्या मेव्हण्याच्या घराखाली एका केरळी माणसाचं केळ्याच्या वेफर्सचं दुकान आहे. तो वेफर्स खोबरेल तेलात तळतो आणि काळं पडलेलं तेल टाकून देतो. ते तिने मागून घेतलं. स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याचं तेल पामचं. तेही घेतलं. असे दोन चौकोनी पत्र्याचे डबे आमच्या गॅलरीत आले.

इथे मी माझं ज्ञान पाजळलं. "सगळ्या तेलांना सारखा सोडा चालत नाही," मी म्हणालो. "खोबरेलाला जास्त लागतो. पामला कमी. किलोमागे चाळीसेक ग्रॅमचा फरक पडतो. कमी पडला तर साबण चिकट होतो. जास्त झाला तर भाजतो."

"मग डब्यांना खुणा करायला हव्यात," ती म्हणाली.

"झाकणांवर कर," मी म्हणालो. "वरून लगेच दिसतं."

कंपनीत पहिल्या दिवशी आमच्या मुकादमाने मला एकच गोष्ट शिकवली होती: खूण पिंपाच्या पोटावर करायची, झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं फिरतात. एकतीस वर्षं मी तो नियम पाळला, नव्या पोरांना शिकवला, एकाला तर त्यावरून झापलंही. आणि स्वतःच्या घरी म्हणालो, झाकणांवर कर. खुर्चीत बसून सल्ला देत होतो, आणि खुर्चीतून झाकणंच दिसत होती.

तिने मुलीच्या जुन्या नेलपॉलिशने एका झाकणावर केळं काढलं आणि दुसऱ्यावर गोल वडा. केळं जरा माशासारखं दिसत होतं.

मग सुरू झालं तिचं काम. मी ते आरामात बसून पाहिलं आहे, त्यामुळे नीट सांगू शकतो. आधी तेल जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळायचं. मग त्यात पाणी आणि मीठ घालून उकळायचं, थंड करायचं. जळकं बेसन खाली बसतं आणि वर स्वच्छ तेल येतं. ते तोलायचं. गॅलरीची दारं उघडी टाकून, रबरी हातमोजे आणि माझा जुना चष्मा लावून पाण्यात कॉस्टिक सोडायचं, हळूहळू. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यात पाणी घालायचं नाही. पाणी आपोआप तापतं, वाफ येते. ते निवलं की तेलात ओतून लाकडी रवीने घुसळत राहायचं. आधी कढीसारखं दिसतं, मग पिठल्यासारखं. पिठल्यासारखं झालं की श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि वर्तमानपत्रावर सहा आठवडे वाळत ठेवायच्या.

कॉस्टिक ती उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून आणायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सोबत होतो. त्याने हिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "माताजी, घर में मिल खोलनी है क्या?"

"खोलनी है," ही म्हणाली. "तुमको भी साबण देगी."

पुढच्या खेपेला तिने त्याला खरंच दोन वड्या नेऊन दिल्या. त्याने वडी उलटीपालटी करून पाहिली, नखाने खरवडली, आणि म्हणाला, "साईं, ये तो कड़क माल है." त्या दिवशी ती रिक्षात पूर्ण रस्ता गुणगुणत आली.

कपड्यांना, भांड्यांना, फरशीला, सगळ्याला तोच साबण. आमच्याकडे विकतचा साबण येणं बंद झालं. इमारतीत जवळजवळ प्रत्येक मोरीत तिची वडी होती. कुणी तेलाची बाटली घेऊन आलं की जाताना साबण घेऊन जायचं. चेंबर पुन्हा तुंबलं नाही. आणि ती बदलली होती. वास गेल्यापासून ती स्वयंपाकघरात बुजल्यासारखी वागायची. फोडणी करपली तरी कळायचं नाही, म्हणून गॅसपाशी उभीच राहायची. साबणाने तिला पुन्हा ताठ केलं. साबणात वासाचं काम नव्हतं. काटा होता, वही होती आणि झाकणावर खूण होती.

दोन वर्षं असं चाललं. मग एका नोव्हेंबरात, एका दुपारी, ती भाजी आणायला गेली होती आणि मला अचानक घरकाम करायची हुक्की आली. डबे बाहेरून चिकट झाले होते, मुंग्या लागल्या होत्या. मी दोन्ही झाकणं काढली, दोन्ही डबे गरम पाण्याच्या फडक्याने पुसले, झाकणं घासून उन्हात वाळवली आणि पुन्हा लावली. ती आल्यावर दाखवलं. "बघ, कसे चकाचक केलेत."

"वा," ती म्हणाली. "सूर्य कुठे उगवला आज?"

त्याच आठवड्यात तिने केळ्याच्या डब्यातून तेल घेतलं, म्हणजे ज्याच्यावर केळं होतं त्या डब्यातून, आणि वहीत बघून केळ्याच्या मापाने सोडा घातला. वास येत असता तर झाकण काढताक्षणी लसूण नाकात गेला असता. मीही तिथेच होतो, पण माझं लक्ष मोबाइलवर होतं.

जानेवारीत वड्या तयार झाल्या. पहिल्या दोन तळमजल्यावरच्या बाईंना गेल्या. त्या मूळच्या इथल्याच, शेतकरी घरातल्या. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. जीभ तिखट, मन मोकळं. चार दिवसांनी त्या जिना चढून आल्या आणि दारातच दोन्ही हात पुढे केले. तळवे लाल, बोटांच्या टोकांची कातडी सुटलेली.

"काय गो काकी, साबन हाय का मिरचीचा ठेचा? बघ माजे हात! पोरीचा साखरपुडा हाय रविवारी. पावन्यांना काय दाखवू?"

ही पांढरीफटक पडली. त्यांचे हात हातात घेऊन बघत राहिली. मग खोबरेल लावलं, माफी मागितली, आणि वही काढून आकडे तपासायला बसली. तीनदा तपासले. आकडे बरोबरच होते. "मीच तोलताना चुकले असणार," ती म्हणाली. "सोडा दोनदा टाकला की काय?"

"होतं असं," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, हे माझ्या बाजूचं एकुलतं एक वाक्य.

साखरपुड्याला आम्ही गेलो. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत त्या बाईंचे हात पदराखाली आहेत, काहीतरी लपवून नेत असल्यासारखे. पाहुण्यांनी विचारलं की त्या खालच्या आवाजात कारण सांगायच्या. त्यांचा खालचा आवाज मंडपाच्या बाहेर ऐकू जातो. आमचे वांगणीचे नातेवाईकही त्या लग्नघराच्या ओळखीतले. गोष्ट तिथूनच सगळीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदलापुरात चांगलीच थंडी पडली होती. इथे पडते तशी, स्वेटर शोधायला लावणारी. मी गॅलरीत उभा होतो. सहज झाकणं उघडली. वड्याचं झाकण असलेल्या डब्यात तेल तुपासारखं घट्ट, पांढरं झालं होतं. केळ्याचं झाकण असलेल्या डब्यातलं तेल पातळ, वाहतं. थंडीत खोबरेल थिजतं, वडेवाल्याचं पामतेल एवढ्या थंडीत थिजत नाही. हे समजायला एकतीस वर्षांची नोकरी लागत नाही. नाक जवळ नेलं. केळ्याच्या डब्यातून बटाटावडा आला.

मला आठवलं, झाकणं उन्हात ठेवली होती ती दोन्ही शेजारीशेजारी, उलटी, खुणा खाली. लावताना मी खुणा बघितल्याच नव्हत्या.

आत जाऊन सांगायला फार तर दहा पावलं होती. आत ती पोहे करत होती. मी गेलोही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. ती म्हणाली, "अहो, जरा वास घ्या, मोहरी करपली नाही ना?" मी वास घेतला, म्हणालो नाही करपली, आणि परत फिरलो. आज एवढ्या वर्षांनी कारण शोधायचं तर एवढंच सापडतं की मला लाज वाटली. काट्यावर आयुष्य गेलेला माणूस. झाकणं फिरतात हे इतरांना शिकवणारा. तळमजल्यावरच्या बाईंनी माझे काय धिंडवडे काढले असते, ते मला ऐकू येत होतं.

खाली भंगारवाला ओरडत होता. मी त्याला वर बोलावलं आणि दोन्ही डबे तेलासकट देऊन टाकले.

"तेल भी ले जाऊँ, चाचा?"

"ले जा, ले जा. गाडी के चाक को लगा."

ती पोह्यांची बशी घेऊन गॅलरीत आली तेव्हा डब्यांच्या जागी दोन चौकोनी डाग होते. "डबे कुठे गेले?"

माझ्या तोंडून निघालं, "उंदीर पडला होता. मेलेला. दोन-तीन दिवसांचा असेल."

मला वाटलं होतं, ती किळस करेल आणि विषय संपेल. ती तिथेच उभी राहिली. मग बशी कठड्यावर ठेवली आणि म्हणाली, "दोन-तीन दिवस उंदीर सडतोय माझ्या शेजारी आणि मला पत्ता नाही. तेव्हाही असाच एखादा साबणात गेला असेल. म्हणून त्यांचे हात..." फिनेल आणून गॅलरी धुवायला लागली. मी पोहे खाल्ले. ते थंड झाले होते, पण खाल्ले.

त्यानंतर तिने साबण केला नाही. डिजिटल काटा अंबरनाथला मुलीकडे पाठवून दिला. उरलेल्या वड्या घरोघर जाऊन परत मागून आणल्या, आणि ते मला फार बोचलं, कारण प्रत्येक दारात तिने उंदराची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. पण साबण हा त्यातला छोटा भाग. ती प्रत्येक गोष्ट मला विचारायला लागली. दूध नासलं नाही ना, बघा. गॅस बंद आहे ना, वास घ्या. भाकरी करपतेय का? मसाला भाजायचा तिने सोडून दिला, विकतचा आणायला लागली, आणि आधी तिचाच मसाला वांगणीच्या बायका मागून न्यायच्या. माझ्या एका खोट्या उंदराने ती आपल्याच घरात पाहुणी झाली. आणि मी मोठ्या समजूतदारपणे वास घेत हिंडायचो. "काळजी करू नकोस, मी आहे ना." मुलगी फोनवर म्हणायची, पप्पा किती सांभाळून घेतात मम्मीला.

आम्ही दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जातो. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचं. पहिली तीन शीलं मी खणखणीत म्हणायचो. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे मला बरोबर खोकला यायचा. तीन वर्षं यायचा. शेजारी बसणारे एक गृहस्थ एकदा म्हणाले, "जयभीम, काका. तुमचा खोकला अगदी वेळेवर येतो. डॉक्टरला दाखवा." पाचव्या शीलाला खोकला थांबायचा, कारण दारू मी आयुष्यात घेतलेली नाही.

मग गेल्या वर्षी चेंबर पुन्हा तुंबलं. तुंबणारच होतं. तेल घ्यायला कुणी नव्हतं, तेव्हा सगळं पुन्हा मोरीत जात होतं. सोसायटीची सेक्रेटरी आता तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण मुलगी आहे, बँकेत काम करते, सगळ्या गोष्टी तडीस नेणारी. ती आमच्याकडे आली.

"काकू, तुमचं ते साबणाचं पुन्हा चालू करा ना. मी नवीन आहे, पण सगळे सांगतात, चेंबर दोन वर्षं एकदम क्लीन होतं."

"सगळे सांगतात, तर पुढचंही सांगतातच की," ही म्हणाली. "माझ्या हातून एकीचे हात भाजलेत. मला नका सांगू."

"मग काका, तुम्ही शिकवा. तुम्ही तर कंपनीतले!"

आणि मी हो म्हणालो. हे लिहितानाही कान गरम होतात. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कंपनीतले म्हटल्यावर मला जरा बरंही वाटलं होतं.

रविवार ठरला. सकाळी विहारात खोकून आलो, अकराला पार्किंगमध्ये टेबल लागलं. पंधरा-वीस बायका, तीन-चार पुरुष. मुलीने अंबरनाथहून काटा आणून दिला होता. मी चष्मा लावला, हातमोजे चढवले. ही मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मला माप आठवेना, म्हणून सकाळी तिचीच वही मागून घेतली होती. तिच्या अक्षरातले आकडे मी माझे म्हणून वाचून दाखवायला लागलो.

तळमजल्यावरच्या बाई पुढेच बसल्या होत्या. मी काट्यावर भांडं ठेवलं आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "काकांच्या हातचा असल तर घेऊ आमी. काकीचा नको रे बाबा, येकदा कातडी गेली!"

सगळे हसले. मागे हीसुद्धा हसली. तोंडावर पदर घेऊन, मान खाली घालून. ती हसते ते मी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण तेव्हा मी बसलेला असायचो. त्या दिवशी मी उभा होतो, आणि उभ्याने मला दिसलं की ती हसत नाहीये. फक्त खांदे हलवतेय.

मी कॉस्टिकची पिशवी खाली ठेवली.

"तो साबण काकूंमुळे बिघडला नव्हता," मी म्हणालो. "माझ्यामुळे बिघडला."

"बरं बरं, बायकोची बाजू घ्या," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसणं.

"मी डबे पुसले आणि झाकणं उलटसुलट लावली. केळ्याचं झाकण वड्याच्या डब्यावर. हिने झाकण बघून माप घातलं. हिचं माप बरोबर होतं. तेल चुकीचं होतं. मला ते नंतर कळलं, तेल थिजलेलं बघून. मी डबे भंगारवाल्याला दिले, हिला दिसू नये म्हणून."

आता कुणी हसलं नाही. ही उठली. रांगांमधून सावकाश पुढे आली आणि टेबलासमोर उभी राहिली. मला वाटलं झाकणांबद्दल विचारेल.

"उंदीर?" तिने विचारलं.

मी हातमोजे ओढून काढायला लागलो.

"उंदीर पडलाच नव्हता?"

"नाही."

"मी सोळा घरांत जाऊन सांगितलं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "माझ्या बहिणीला सांगितलं. तीन वर्षं मी दुधाचं पातेलं तुमच्या नाकाखाली धरते."

तळमजल्यावरच्या बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माझी शंभर वर्षं भरली. पण त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. हिचा दंड धरून म्हणाल्या, "चल गो काकी, आपल्याकडं चल, च्या करते. यांना राहू दे इथं साबनासंगट." आणि दोघी निघून गेल्या. सेक्रेटरी मुलगी हळूच म्हणाली, "काका, डेमो... पोस्टपोन करू या का?"

पुढचे अकरा दिवस ही माझ्याशी बोलली नाही. म्हणजे जेवण वाढलं, औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या, पण बोलणं मुलीच्या मार्फत. फोन स्पीकरवर ठेवून माझ्यासमोर मुलीला सांगायची, "तुझ्या पप्पांना सांग, पाण्याची मोटर बंद करा." मुलगी अंबरनाथहून म्हणायची, "पप्पा, मोटर." मी बंद करायचो. दूध नासलंय का हे तिने विचारणं बंद केलं. एकदा नासलं, तर तिने त्याचं पनीर केलं, न विचारता. पुढच्या रविवारी विहारात मला खोकला आला नाही. पण ही नेहमी शेजारच्या बायकांच्या रांगेत पहिल्या जागी बसते, ती त्या दिवशी मागे जाऊन बसली.

बाराव्या दिवशी तळमजल्यावरच्या बाई दोन डबे घेऊन वर आल्या. नवे, स्वच्छ. एक चौकोनी पत्र्याचा, एक गोल प्लास्टिकचा. "आता कुनाच्या बापाला झाकनं बदलता येनार नाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. हिने तरीही दोन्ही डब्यांच्या पोटावर ऑइलपेंटने मोठी अक्षरं काढली. पेंटचा डबा उघडून देऊ का, मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. माझ्याशी थेट बोललेला तो पहिला शब्द.

तिने साबण केला. गॅलरीचं दार ओढून घेऊन, दोघी तिथे बाहेर. मला आतल्या खोलीत पेपर वाचायला बसवलं होतं. रवीचा आवाज येत होता, आणि त्या बाईंचा. "कढी झाली गो... आता पिठलं... थांब, अजून नाय." वड्या पडल्या. सहा आठवडे वर्तमानपत्रावर राहिल्या. त्या सहा आठवड्यांत ती माझ्याशी हळूहळू बोलायला लागली, कामापुरतं, मग कामाशिवायही. पण वड्यांजवळ रोज जायची आणि हात न लावता परत यायची. एकदा मी तिला मुलीशी फोनवर बोलताना ऐकलं, स्पीकर न लावता. "माप बरोबर आहे गं. झाकणही बरोबर आहे. पण माझं मन म्हणतं, कुणाला देऊ नको."

सहा आठवडे झाले त्या दिवशी सेक्रेटरी मुलगी मोबाइल घेऊन आली. "काकू, हे बघा. यात सांगतायत, वडीला जिभेचं टोक लावायचं. सोडा जास्त असेल तर चटका बसतो, बॅटरीला जीभ लावल्यासारखा. नसेल तर नुसती साबणाची चव." तळमजल्यावरच्या बाई आल्याच होत्या.

हे मला माहीत होतं. कंपनीतले जुने लोक असंच करायचे. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कारण मी काट्यावर होतो, आणि मला वाटायचं काटा पुरे.

हिने ताट उचललं. सोळा वड्या. ते माझ्यापुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "लावा जीभ."

"कुठल्या वडीला?"

"सगळ्या."

तळमजल्यावरच्या बाईंनी स्टूल ओढलं आणि बघायला बसल्या. मी पहिल्या वडीला जीभ लावली. कडू, घाण, बुळबुळीत. चटका नाही. दुसरी. तिसरी. सातव्या वडीला डोळ्यांत पाणी आलं. "काका, पानी देऊ का?" बाईंनी विचारलं. "फेस येल पन." सोळावी झाली. मी जीभ बाहेर तशीच ठेवून मान हलवली आणि बोबड्या आवाजात म्हणालो, "एकालाही चटका नाही. एकदम चांगला झालाय."

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग ताटातली मधली एक वडी तिने स्वतः उचलली, डोळे मिटले आणि जिभेचं टोक लावलं. थांबली. दुसरी उचलली. मी काय बोललो ते तिने ऐकलं होतं, पण त्यावर ती विसंबली नाही. माझ्या मागोमाग तिने सोळाही वड्या तपासल्या, एकेक करून, घाई न करता.

मग चूळ भरून आली, वडी तळमजल्यावरच्या बाईंच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "न्या. हा चांगला आहे. मी बघितलंय."